पावसाळा नसलेल्या इमारती

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, नाशिकच्या गंगापूर रोडवर किंवा पुण्यात हिंजवडीच्या वाटेवर लागलेल्या होर्डिंगांवरच्या इमारती पाहिल्या, तर त्या सगळ्या एकाच गावातल्या असाव्यात असे वाटते. त्या गावात सूर्य कायम नुकताच मावळलेला असतो. रस्ता ओला आणि चकचकीत असतो, पण छत्री कुणाच्याच हातात नसते. चाळीस मजल्यांच्या झाडून साऱ्या खिडक्यांत पिवळा उजेड असतो. एकाही खिडकीला ग्रिल नाही, भिंतीवर एसीचे आउटडोअर युनिट नाही, ड्राय बाल्कनीत वाळत घातलेले कपडे नाहीत, सांडपाण्याचा पाइप कुठून खाली उतरतो ते कळत नाही. शेजारचा टॉवर धुक्यात विरघळलेला, समोरची गॅरेजांची रांग हिरवळीखाली गेलेली, आणि पोडियमवर तीस-चाळीस वर्षे वयाची वाटणारी डेरेदार झाडे. बिल्डरच्या ऑफिसात या चित्राला थ्रीडी म्हणतात, आर्किटेक्टच्या ऑफिसात रेंडर. ते बनवणारी मुले रात्र-रात्र जागून काम करतात, सॉफ्टवेअर दरवर्षी सुधारते, संगणक महाग आणि वेगवान होत जातात. तरीही पाहणाऱ्याला पहिल्या नजरेत कळते की हे कॉम्प्युटरचे आहे. मग ते अधिक खरे दिसावे म्हणून आणखी बारीक टेक्श्चर, आणखी मोठे रिझोल्युशन, आणखी नवे सॉफ्टवेअर असा उपाय सुचवला जातो. माझ्या मते हा उपाय चुकीच्या जागी चालला आहे. रेंडर जिथे खोटे वाटते, बहुतेक वेळा नेमके तिथेच ते खोटे बोलत असते. कारागिरीतली उणीव आणि प्रामाणिकपणातली उणीव या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, आणि म्हणून चित्र अधिक वास्तव करण्याचा रस्ता त्या जागेविषयीच्या खऱ्या माहितीतूनच जातो.

याचा पुरावा या कलेच्या जन्मकथेतच आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात १९८४ साली संशोधकांनी एक साधी पेटी संगणकावर चितारली: रंगीत आणि पांढऱ्या भिंतींची. भिंतीवरून भिंतीवर उसळणारा उजेड गणिताने मांडता येतो का, हे त्यांना पाहायचे होते. तशीच पेटी त्यांनी प्रत्यक्षही बनवली आणि १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ती पेटी व तिचे संगणकी चित्र कॅमेऱ्यांच्या काचांवर शेजारी-शेजारी ठेवून लोकांना विचारले, यातली खरी कोणती? लोकांची उत्तरे निव्वळ अंदाजाने दिल्यासारखीच निघाली. त्याच वर्षी जेम्स काजिया यांनी प्रकाशाच्या या साऱ्या येरझाऱ्या एका समीकरणात बसवल्या, आणि आज व्ही-रे असो की ब्लेंडरमधले सायकल्स, बहुतेक रेंडर इंजिनांच्या मुळाशी तेच समीकरण आहे. या प्रयोगातून घेण्यासारखी गोष्ट मात्र वेगळीच आहे. त्या काळचे संगणक आजच्या मोबाइलसमोरही दुबळे होते. चित्र खरे वाटले, कारण पेटी मोजलेली होती. रंग किती उजेड परत टाकतो, दिवा कसा आहे, पाहणारा कुठे उभा आहे, सगळे मापून घातलेले होते. चाळीस वर्षांत गणित करणारे यंत्र अफाट झाले. मापे घेण्याची सवय मात्र वाटेतच गळून पडली. आज इंजिनात जे घालू ते भौतिकशास्त्राच्या नियमाने अचूक उजळून निघते, मग ते घातलेले खरे असो वा खोटे.

सुरुवात सूर्यापासूनच करू. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १९ अंशांवर आहे. आपल्याकडे मे महिन्याच्या मध्याला वर्तमानपत्रांत ज्याची बातमी येते, तो शून्य सावलीचा दिवस याच अक्षांशामुळे येतो: १५-१६ मेच्या सुमाराला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारचा सूर्य मुंबईच्या बरोबर डोक्यावर असतो, आणि मधल्या काळात तो माथ्याच्या उत्तरेला झुकलेला असतो. अगदी २१ डिसेंबरलाही भर दुपारी तो क्षितिजापासून ४७ अंश वर असतो. त्याच दिवशी लंडनमध्ये तो जेमतेम १५ अंशांवर येतो. म्हणजे लंडनच्या हिवाळ्यात दुपारी बारालाही जी लांबलचक, मऊ, तिरपी सावली पडते, ती मुंबईत सकाळ-संध्याकाळच्या थोड्या वेळातच मिळते, आणि सूर्य मावळला की अर्ध्या तासात काळोख होतो. आपल्या रेंडरमध्ये मात्र दिवसभर तीच सावली. कारण आकाशाची तयार फाइल कुठल्या तरी दूरच्या देशात टिपलेली असते आणि ती इमारतीभोवती हवी तशी फिरवली जाते, दर्शनी बाजू उजळेपर्यंत. दर्शनी बाजू उत्तरेची असली तरीही. वास्तविक सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत इथल्या उत्तरेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही, आणि जूनमध्ये पडायचे तेव्हा ढग असतात. पाहणाऱ्याला हे आकडे ठाऊक नसतात, पण त्याच्या डोळ्यांना आपल्या गावचा उजेड ठाऊक असतो. म्हणून काहीतरी बिनसल्याचे त्याला जाणवते. बिनसले आहे तेही नेमके तेच, जे घर घेणाऱ्याला सगळ्यात आधी कळायला हवे: दिवाणखान्यात ऊन किती वाजता येणार, आणि एप्रिलच्या दुपारी पश्चिमेची बेडरूम किती तापणार.

पृष्ठभागांचेही तेच. ताजा बर्फसुद्धा पडलेल्या उजेडातला दहा-वीस टक्के भाग गिळतो. रंगवलेली पांढरी भिंत त्याहून थोडा जास्त. नवा डांबरी रस्ता जेमतेम पाच टक्के परत टाकतो. रेंडरमधली पांढरी भिंत मात्र कित्येकदा शंभर टक्के पांढरी ठेवलेली असते, मग उजेड खोलीत उसळतच राहतो आणि ज्या कोपऱ्यात दिवसाही दिवा लावावा लागेल तो कोपरा न्हाऊन निघतो. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याची कड पाहा. ती कधीच धारदार नसते. घासून गोल केलेली असते आणि त्या दोन-तीन मिलिमीटरच्या गोलाईवर खिडकीतल्या उजेडाची एक बारीक रेघ उमटते. मॉडेलमध्ये ती गोलाई दिली नाही, तर ओटा पुठ्ठ्याचा वाटतो. हे या कामातल्या जाणत्या माणसाला ठाऊक असते आणि तो ते करतोही. पण याच न्यायाने बाहेरच्या भिंतीकडे कुणी पाहत नाही. ज्या शहरात जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच आहे की नाही, यावर ती भिंत तिसऱ्या पावसाळ्यानंतर कशी दिसेल हे ठरते. खाच नसेल तर पागोळी खाली पडण्याऐवजी भिंतीला चिकटून उतरते आणि तिच्या वाटेवर शेवाळाचे काळे ओघळ उठतात. मुंबईतल्या कुठल्याही दहा वर्षे जुन्या सोसायटीच्या भिंतीवर हे ओघळ वाचता येतात. खिडकीची कड कुठे चुकली, पॅरापेटचा उतार कुठे उलटा झाला, ते सगळे तिथे काळ्या रेघांनी लिहिलेले असते. रेंडर करणाऱ्याने इमारतीचे पाच वर्षांनंतरचे पावसाळी चित्र एकदा काढून पाहिले, तर ते चित्र जास्त खरे दिसेलच, पण आर्किटेक्टला आपली चूक काँक्रीट ओतण्याआधी दिसेल. रेंडरचा हा उपयोग आपण जवळजवळ सोडूनच दिला आहे, आणि मला सगळ्यात जास्त वाईट त्याचे वाटते.

चार्ल्स कोरियांची कंबाला हिलवरची कांचनजंगा ही इमारत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. ती १९८३ मध्ये पूर्ण झाली. मुंबईत समुद्राचा वारा आणि समुद्राचे दृश्य हवे असेल तर घर पश्चिमेकडे उघडावे लागते. पण दुपारचे कडक ऊन आणि पावसाचा मारा त्याच बाजूने येतो. जुन्या बंगल्यांनी यावर भोवतालच्या व्हरांड्याचा उपाय काढला होता. कोरियांनी तो व्हरांडा उचलून टॉवरच्या कोपऱ्यांत, दोन मजले उंचीच्या खोल बागांच्या रूपाने बसवला. आता कल्पना करा की ही इमारत आजच्या पद्धतीने, निळ्या-जांभळ्या संध्याकाळी, पानही न हलणाऱ्या हवेत चितारली आहे. ते खोल कोपरे तिथे निव्वळ शोभेचे वाटतील, आणि बैठकीत कुणीतरी नक्की विचारेल की एवढी जागा वाया का घालवायची. तीच इमारत जुलैतल्या सरींत दाखवली, तर कोपऱ्यांची खोली हीच तिची मुख्य गोष्ट आहे हे लहान मुलालाही कळेल. मरीन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींच्या खिडक्यांवर भुवयांसारखे फिरलेले छज्जेही तसेच. ऊन-पाऊस नसलेल्या चित्रांवरून जे शहर इमारती निवडते, ते हळूहळू ऊन-पावसाचा विचार न केलेल्या इमारती बांधू लागते. काचेच्या सपाट भिंती, नावापुरते छज्जे आणि नंतर रहिवाशांनी आपापल्या खर्चाने ठोकलेले पत्रे आणि प्लास्टिकची शेड, हे आपल्या उपनगरांतले दृश्य काही अंशी त्या चित्रांनी घडवले आहे असे माझे मत आहे.

घराच्या आत शिरल्यावर प्रश्न भिंगाचा होतो. साध्या कॅमेऱ्याचे ५० मिलिमीटरचे भिंग आडवे सुमारे ४० अंश पाहते. १८ मिलिमीटरचे भिंग ९० अंश पाहते, आणि त्यातून समोरची भिंत दूर पळते, बाजूच्या भिंती लांबतात. रेंडरमध्ये याच्याही पुढे जाता येते: कॅमेरा भिंतीच्या पलीकडे, शेजारच्या फ्लॅटमध्ये ठेवायचा आणि मधली भिंत त्या चित्रापुरती अदृश्य करायची. प्रत्यक्षात जिथे कोणी उभे राहूच शकत नाही, तिथून खोली दाखवली जाते. दहा फूट बाय दहा फुटांची बेडरूम घ्या. सहा फूट बाय साडेसहा फुटांचा डबल बेड डोक्याकडून भिंतीला लावला, की पायाकडे साडेतीन फूट उरतात. समोरच्या भिंतीला दोन फूट खोलीचे कपाट ठेवले की बेड आणि कपाट यांच्यामध्ये दीड फूट. नेहमीच्या कपाटाचे दार त्यात पुरते उघडत नाही. सरकत्या दाराचे कपाट करावे लागते, आणि रात्री उठून बाथरूमला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना आडवे होऊन सरकावे लागते. ब्रोशरमधल्या त्याच खोलीत बेडसमोर गालिचा, एक आरामखुर्ची आणि उंच दिवा असतो. एकतर भिंग रुंद आहे, नाहीतर फर्निचर लहान केले आहे, बऱ्याचदा दोन्ही. या खोलीचे चित्र दारात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, साध्या भिंगाने, खऱ्या मापाच्या बेडसह काढले, तर ते कमी ऐसपैस दिसेल आणि फोटोच्या कितीतरी जवळ जाईल. कारण माणसे खोल्या तशाच पाहतात. शिवाय आर्किटेक्टला त्या दीड फुटाकडे नजर टाकावीच लागेल.

हे कुणासाठी महत्त्वाचे आहे, तर वीस वर्षांचे हप्ते डोक्यावर घेऊन अजून न बांधलेले घर विकत घेणाऱ्यासाठी. आणि त्याहूनही जास्त पुनर्विकासात गेलेल्या सोसायट्यांच्या सभासदांसाठी. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या शेकडो जुन्या सोसायट्यांमध्ये आज हाच विषय चालू आहे. सभागृहात प्रोजेक्टर लागतो, विकासक सादरीकरण करतो, आणि पडद्यावर आपल्याच प्लॉटवर उभा राहिलेला तो संध्याकाळचा टॉवर येतो. ज्या आजी-आजोबांनी चाळीस वर्षे एका घरात काढली, त्यांना नकाशा वाचता येतोच असे नाही; एफएसआयचे (चटईक्षेत्राचे) गणित तर क्वचितच कळते. त्यांना चित्र कळते. मत ते चित्रावर देतात. त्या चित्रात शेजारची सोसायटीसुद्धा पुनर्विकासात जाऊन तीस मजल्यांची होणार आहे हे दाखवलेले नसते. दोन टॉवरमधले अंतर धुक्यात हरवते. खालच्या मजल्यांवर मिळणाऱ्या घरांत दिवसा किती उजेड येईल, हा जुन्या सभासदांच्या दृष्टीने सर्वांत मोठा प्रश्न असतो, आणि चित्र विसाव्या मजल्याच्या उंचीवरून, पक्ष्याच्या नजरेने काढलेले असते. पोडियमवरची झाडे आणखी एक. खाली गाड्यांचे मजले, वर स्लॅब, स्लॅबवर काही फूट माती. त्यात पर्जन्यवृक्षाचा डेरा कधीच होत नाही. चित्रात मात्र झाड असते, आणि पुष्कळदा ते मेपलसारख्या परदेशी झाडांच्या तयार संग्रहातून उचललेले असते. चाफा, कढीपत्ता, लिंबू, सोनटक्का लावलेले पोडियम दाखवले तर काय बिघडेल? ते आपल्याकडचे वाटेल, आणि पझेशननंतर खरोखरच तसे करता येईल.

जाहिरातीतले चित्र कोण एवढे मनावर घेतो, खाली ‘कलात्मक चित्रण’ असे बारीक अक्षरांत छापलेले असतेच की, असा आक्षेप इथे येणार. कायद्याने तो पुरेसा मानलेला नाही, असे मी म्हणेन. २०१६ च्या रेरा म्हणजे स्थावर संपदा कायद्यात जाहिरातीची व्याख्या कोणत्याही माध्यमातील कोणत्याही स्वरूपाच्या प्रसिद्धीला कवेत घेते. कलम १२ सांगते की जाहिरातीतल्या, माहितीपत्रकातल्या किंवा नमुना घरातल्या चुकीच्या वा खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या माणसाचे नुकसान झाले तर त्याला भरपाई मिळाली पाहिजे, आणि त्याला प्रकल्पातून बाहेर पडायचे असेल तर पैसे व्याजासह परत मिळाले पाहिजेत. कलम ७ मधल्या अनुचित प्रथांच्या स्पष्टीकरणात तर दिशाभूल करणारे विधान लेखी असो वा दृश्य स्वरूपातले, दोन्ही धरले आहे. तेव्हा चित्र हे विधान असू शकते, हे कायद्याला कळलेले आहे. अडचण अशी की आज हे विधान तपासायचे कसे, याची काहीच सोय नाही. कारंजे मिळाले की नाही हे सांगता येते; पण चित्रात मिळालेला उजेड, चित्रात मिळालेले अंतर, चित्रात मिळालेली खोलीची ऐसपैस जागा कोणत्या मोजपट्टीने मागायची? कॅमेरा कुठे होता, भिंग कोणते, तारीख-वेळ कोणती, आजूबाजूचे काय गाळले, यातले काही चित्राबरोबर येत नाही. त्यामुळे वाद झाला तरी ग्राहकाच्या हातात निव्वळ भावना उरते.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे आणि तो आर्किटेक्टांकडून येतो. इमारत अजून मनातच असते तेव्हा स्वप्न दाखवायचेच नाही का? एसीची युनिटे आणि ओले कपडे दाखवून कोणते स्पर्धेतले चित्र जिंकेल? स्वप्नाला माझा विरोध नाही. पण स्वप्नासाठी या कलेकडे आधीपासूनच चांगले साधन आहे: हाताचे स्केच. पेन्सिलच्या रेघा अपुऱ्या असतात आणि पाहणाऱ्याला आपोआप कळते की अजून बरेच ठरायचे आहे. फोटोसारखे रेंडर मात्र सगळे ठरलेय असे सांगते, जरी मागे एकही वर्किंग ड्रॉइंग झालेले नसले तरी. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस हम्फ्री रेप्टन नावाचा उद्यानरचनाकार आपल्या गिऱ्हाइकांसाठी लाल बांधणीच्या वह्या तयार करत असे. तो आजचा देखावा जलरंगात काढायचा, त्यातला बदलणारा भाग कागदाच्या झडपेवर. झडप उचलली की त्याच ठिकाणाहून दिसणारा बदललेला देखावा. तो विक्रीसाठीच चित्र काढत होता, आपले काम खुलवूनही दाखवत असेल, पण आधीचे आणि नंतरचे एकाच नजरेत ठेवण्याची शिस्त त्याच्या पद्धतीतच होती. सोसायटीच्या सभेतल्या पहिल्या स्लाइडवर आजच्या गेटासमोर उभे राहून काढलेला फोटो आणि दुसऱ्या स्लाइडवर त्याच जागेवरून, त्याच भिंगाने, त्याच वेळेचे रेंडर असेल, तर कोणाचेही स्वप्न मरणार नाही. इमारत चांगली असेल तर ती तिथेही चांगलीच दिसेल. कपडे आणि युनिटांचे म्हणाल, तर ती चित्रात आली म्हणजे त्यांची जागा आराखड्यातही काढावी लागते. युनिटासाठी आधीच ठेवलेला कोनाडा, ड्राय बाल्कनीला झाकणारी जाळी, पाइपांसाठी पोहोचता येईल असा डक्ट, हे सगळे नंतर कुरूप होते कारण आधी कुणी काढलेले नसते.

तिसरा आक्षेप उलट दिशेने येतो: चित्र जितके फोटोसारखे, तितकी फसवणूक सोपी, मग वास्तवता वाढवायचीच कशाला? यात तथ्य आहे. आता तर एखाद्या ओबडधोबड मॉडेलवरून किंवा नुसत्या शब्दांवरून एआय काही सेकंदांत फोटो वाटेल असे चित्र काढून देते. मन लावून पाहिले तर आठव्या मजल्यावरच्या खिडक्या नवव्यावरच्यांशी जुळत नाहीत, रेलिंग अधेमधे हवेत संपते. पण होर्डिंगवर ते कोण पाहणार? फोटोसारखे दिसणे आता फुकटात मिळते. म्हणूनच दिसण्यावर भर देण्यात अर्थ राहिलेला नाही, आणि ज्यांना या कलेची प्रतिष्ठा टिकवायची आहे त्यांनी तपासता येण्यावर भर द्यायला हवा. हे करता येते याची उदाहरणे आहेत. लंडनमध्ये सेंट पॉलच्या घुमटासारखी महत्त्वाची दृश्ये जपण्यासाठी जी नियमावली आहे, तिच्यात नव्या इमारतीचे ‘अचूक दृश्य’ मागता येते. कॅमेऱ्याची जागा सर्वेक्षणाने निश्चित करायची, भिंग आणि तारीख-वेळ नोंदवायची, खऱ्या फोटोत मॉडेल मापाने बसवायचे. त्यात चार पातळ्या आहेत: सर्वांत खालच्या पातळीवर निव्वळ स्थान आणि आकार, सर्वांत वरच्या पातळीवर साहित्यासकट सारे. खालच्या पातळीचे चित्र साध्या रेघांचे असते आणि दिसायला मुळीच सुंदर नसते. तरी आपल्या होर्डिंगवरच्या संध्याकाळपेक्षा ते अधिक वास्तव आहे. स्कॉटलंडमध्ये पवनचक्क्यांच्या प्रकल्पांबाबत तक्रार होती की पसरट चित्रांमुळे दूरची पाती प्रत्यक्षापेक्षा लहान वाटतात. तिथे मार्गदर्शक सूचनांनी फोटो ५० मिलिमीटर भिंगाने घेण्याचे आणि चित्रे किती अंतरावरून पाहायची याचे नियम घालून दिले.

हे सगळे महाग पडेल, असे सांगितले जाईल. इमारतीच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे. आर्किटेक्टकडे मंजूर नकाशावरून मॉडेल असतेच. आजूबाजूच्या इमारतींच्या उंच्या मोजायला एक दिवस आणि ड्रोन पुरतो. सूर्याची जागा सॉफ्टवेअरमध्ये अक्षांश-रेखांश टाकले की आपोआप येते. खरी अडचण वेगळी आहे: एकट्या बिल्डरने खरे चित्र लावले आणि शेजाऱ्याने जांभळी संध्याकाळ लावली, तर गिऱ्हाईक शेजाऱ्याकडे जाईल. ही भीती रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय सर्वांना सारखा नियम हाच. रेरा कायदा राबवणाऱ्या महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून प्रत्येक जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला, तेव्हा कोणाचेच नुकसान झाले नाही, कारण तो सगळ्यांनाच लावावा लागला. त्याच कोडमागच्या पानावर आणखी एक कागद टाकायला लावावा: जाहिरातीतले प्रत्येक दृश्य मंजूर नकाशावरच्या कोणत्या बिंदूवरून, किती उंचीवरून, किती अंशांच्या भिंगाने आणि कोणत्या तारखेच्या कोणत्या वेळेचे आहे, नकाशाची कोणती आवृत्ती वापरली, शेजारचे काय वगळले. आणि सोबत एक चित्र गेटवरच्या माणसाच्या डोळ्यांतून, पावसाळ्यातल्या दिवसाचे. होर्डिंगवर हवी ती संध्याकाळ असू दे. नकाशा पुढे बदलला, तर जुन्या चित्राची आवृत्ती नोंदलेली असल्यामुळे काय बदलले तेही ग्राहकाला दिसेल.

सुरुवात मात्र खासगी बिल्डरांपासून करण्याची गरज नाही. सरकारी प्रकल्पांत गिऱ्हाईक पळण्याची भीतीच नसते. मुंबईतल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जाणारी हजारो कुटुंबे आहेत. त्यांना आपले घर, आपला मजला, आपल्या खिडकीसमोरचा दुसरा टॉवर आधीच खऱ्या मापात पाहायला मिळणे हा त्यांचा हक्क मानला पाहिजे. पुण्यात मुळा-मुठेच्या काठाच्या सुधार प्रकल्पावर किती वर्षे वाद चालू आहे: पूररेषा, झाडे, नदीतले पाणी. त्या वादातले मुद्दे निरभ्र आकाशाखाली भरून वाहणाऱ्या पात्राच्या एका चित्राने ना सिद्ध होतात, ना खोडले जातात. एकाच घाटावरून मे महिन्यातले पात्र, ऑगस्टमध्ये खडकवासल्यातून विसर्ग सुरू असतानाचे पात्र आणि दहा वर्षांनी वाढलेली झाडे अशी तीन दृश्ये ठेवली, तर समर्थक आणि विरोधक दोघांनाही बोलायला एक समान जमीन मिळेल. म्हाडा, सिडको आणि महापालिका यांनी आपल्या निविदांमध्ये सल्लागाराकडून अशी दृश्ये मागण्याची अट घालावी, त्यासाठी रेंडर करणाऱ्या मुलांना जागेवर जाऊन मापे आणि फोटो घेण्याचे पैसे वेगळे धरावेत, आणि हरकती-सूचनांच्या मुदतीत ही दृश्ये वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या आकारात लावावीत, कुठून काढली त्या जागेच्या खुणेसकट, म्हणजे ज्याला शंका असेल तो तिथे जाऊन उभा राहू शकेल.